सात ते नऊ, घरात फक्त इंग्रजी

इंग्रजी सुधारावं म्हणून आमच्या घरात तीन महिने कुणी बोललं नाही.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसतच सांगतो आणि बहुतेक वेळा निम्म्यावर थांबतो, कारण निम्म्यापर्यंत ही गोष्ट हसण्यासारखीच आहे. आज पुरी सांगतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. इंग्रज गेले होते, पण जाताना इंग्रजी न्यायला विसरले होते, आणि ती आमच्या मानगुटीवर आठवीत येऊन बसायची. त्याआधी एबीसीडीसुद्धा नाही. आठवीत 'धिस इज अ कॅट' आणि अकरावीत एकदम मॅट्रिकचा पेपर! मधल्या तीन वर्षांत त्या मांजराचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. अकरावीच्या सहामाहीत मला शंभरापैकी एकोणीस मार्क पडले. त्यातले पाच अक्षर चांगलं म्हणून होते.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. खोली नंबर अकरा. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. आई मालवणकडची. तिला वाचता येत नव्हतं, पण बोलायला तिला कुणाची मदत लागत नसे. धाकटी बहीण शालू आठ वर्षांची. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे बाबा घरातही ओरडूनच बोलत, त्यांच्यावर आवाज चढवायचा म्हणून आई ओरडे, आणि आम्ही दोघं त्या दोघांची मुलं होतो. आमच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं तर ते खोली नंबर तीनला कळायचं.

एकोणीस मार्कांचा कागद घेऊन मी करंदीकर मास्तरांसमोर उभा राहिलो. मास्तर मारकुटे नव्हते. त्यांनी फळ्यावर इंग्रजीच्या अभ्यासाचे नियम लिहून दिले. रोज मोठ्याने, स्पष्ट उच्चारात, विरामचिन्हांना थांबत वाचावे. रोज पाच नवे शब्द पाठ करावे. घरातल्या वस्तूंवर त्यांची इंग्रजी नावे चिकटवावी. आणि चौथा नियम त्यांनी दोनदा अधोरेखित केला, रोज काही वेळ घरात फक्त इंग्रजीच बोलावे.

मास्तरांचं घर दादरचं. वडील वकील, भाऊ कॉलेजात, बायको मॅट्रिक. त्यांच्या घरात हा नियम छान चालला असणार. आमच्या घरात इंग्रजीचं एकूण भांडवल म्हणजे एकोणीस मार्क, आणि ते सगळे माझे.

मी तिन्ही सोपे नियम एका दिवसात अमलात आणले. भाताची खळ करून घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. भिंतीवर वॉल, बादलीवर बकेट, स्टोव्हवर स्टोव्ह. (तो शब्द इंग्रजी आहे हे कळल्यावर बाबांना फार आनंद झाला. म्हणाले, म्हणजे आपल्याला येतंय की थोडं थोडं.) बादलीची चिठ्ठी पहिल्याच आंघोळीत वाहून गेली. उरलेल्या चिठ्ठ्यांतली 'मदर' लिहिलेली चिठ्ठी शालूने आईच्या पाठीला लावली, आणि आई ती घेऊन नळावर पाणी भरून आली. नळावर कुणी हसलं नाही, कारण नळावर कुणालाच ती वाचता आली नाही.

मोठ्याने वाचण्याचा नियम चाळीने सोसला. मी उंटावरचा निबंध पाठ करत होतो. आठवड्याभरात शेजारच्या पावसकरमावशी तांदूळ निवडताना 'कॅमल इज अ व्हेरी युजफुल ॲनिमल' गुणगुणू लागल्या. त्यांना वाटे तो एखादा अभंग असावा.

राहिला चौथा नियम. मी पुठ्ठ्यावर शाईने पाटी लिहिली, 'सात ते नऊ, घरात फक्त इंग्रजी', आणि ती देव्हाऱ्याशेजारी टांगली. बाबांच्या पाळीसाठी घरात एक गजराचं घड्याळ होतं. त्याचा गजर मी रोज नऊला लावू लागलो, म्हणजे इंग्रजी संपली हे सगळ्यांना एकदम कळावं. आणि नियम म्हटला की शिक्षा हवी, म्हणून तीही मीच ठरवली. त्या दोन तासांत जो मराठी बोलेल त्याच्या ताटात त्या दिवशी मासळीची तुकडी पडायची नाही.

बाबांनी ताबडतोब मान्यता दिली. मुलगा मॅट्रिक होऊन गिरणीच्या बाहेर, पंख्याखाली खुर्चीवर बसावा एवढं एकच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी मासळीच काय, भातही सोडला असता. आईने विचारलं, "आणि माका इंग्रजी येणा नाय, तर मी काय करू?" मी म्हटलं, शिकशील हळूहळू.

पहिल्या संध्याकाळी सातला आम्ही चौघं समोरासमोर बसलो. मी म्हणालो, "गुड इव्हिनिंग." बाबा म्हणाले, "येस." शालू म्हणाली, "स्टोव्ह." नंतर दीड तास कुणी काही बोललं नाही. साडेआठला दूध उतू गेलं, आई मालवणीत ओरडली आणि तिची तुकडी गेली. (ती मी खाल्ली. नियमात तसं काही नव्हतं, पण वाया कशाला घालवायची?)

दुसऱ्या दिवशी बाबांना युक्ती सापडली. साचेखात्यात मागांच्या आवाजात कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं दिवसभर हातांच्या खुणांनी बोलतात. मूठ ओठांकडे नेली की पाणी प्यायला चाललो. मिशीला चिमटा घेतला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम येतोय, सांभाळ. बाबांना ही भाषा वीस वर्षं येत होती. त्यांनी ती घरात आणली आणि पंधरा दिवसांत आम्हा सगळ्यांना शिकवली. इंग्रजीसाठी राखलेल्या दोन तासांत आमच्या घरात साचेखातं चालू झालं, फक्त आवाजाशिवाय. मला कोळंबीची खूण येत होती, रॉकेल संपल्याची खूण येत होती, इंग्रजी मात्र होती तिथेच होती.

आईला खुणा फारशा जमल्या नाहीत. तिचं बोलणं तोंडानेच व्हायचं. पहिला आठवडा रोज काहीतरी तिच्या तोंडून निसटे आणि रोज तिची तुकडी जाई. मी नियमाला पक्का होतो. मग हळूहळू निसटणंही बंद झालं. सात वाजले की ती तोंडात पदराचं टोक धरून भाकऱ्या थापायची. मी मास्तरांना अभिमानाने सांगितलं की आता आमच्या घरात सात ते नऊ मराठीचा एक शब्द ऐकू येत नाही. मास्तर म्हणाले, शाब्बास. त्यांनी उरलेल्या भाषेची चौकशी केली नाही.

चाळीला मात्र ती शांतता झेपेना. चौथ्याच दिवशी पावसकरमावशींनी नवऱ्याला पाठवलं, जाऊन बघा, आत भांडण विकोपाला गेलंय की कुणी आजारी आहे. पावसकरकाका दारात आले. बाबांनी त्यांना हातांनी बरंच काही सांगितलं. काका परत गेले आणि बायकोला म्हणाले, बिचाऱ्याचा आवाज बसलाय, गिरणीतल्या धुळीने. दुसऱ्या दिवशी आल्याचा काढा आला. तो बाबांनी आवाज न करता प्यायला.

इथपर्यंत मी नेहमी सांगतो. इथे लोक पोट धरून हसतात आणि मी पाणी प्यायला उठतो.

जानेवारी महिना होता. प्रिलिम तीन आठवड्यांवर आली होती. त्या आठवड्यात बाबा दुसऱ्या पाळीला होते, म्हणजे दुपारी जायचे ते मध्यरात्री यायचे. आमच्या चाळीची पत्रं पोस्टमन नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानात टाकून जाई, आणि सामान आणायला गेलं की ज्याचं त्याने घेऊन यायचं. आई दिवेलागणीला रॉकेल आणायला गेली आणि परतली तेव्हा सात वाजून गेले होते. मी पाटावर बसून उंट म्हणत होतो.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एका हातात रॉकेलची बाटली, दुसऱ्या हातात पोस्टकार्ड. ती काहीच बोलली नाही. फक्त कार्ड माझ्यापुढे केलं.

पत्र मराठीत असणार हे मला माहीत होतं. मामाशिवाय आम्हाला कुणी पत्र लिहीत नसे, आणि मामाची पत्रं म्हणजे आंब्याला मोहर आला, गाय व्याली, शेजाऱ्याने बांध सरकवला. ते वाचून दाखवायचं म्हणजे सगळं मराठीतून बोलणं आलं. मी आधी पाटीकडे बोट दाखवलं, मग घड्याळाकडे. आई तशीच उभी होती. मी म्हणालो, "सिट डाऊन, प्लीज."

एवढं इंग्रजी आईला एव्हाना कळायला लागलं होतं. ती बसली.

भिंतीला टेकून, 'वॉल' लिहिलेल्या चिठ्ठीच्या खाली, कार्ड मांडीवर उपडं ठेवून ती बसून राहिली. तिने स्टोव्ह पेटवला नाही. शालूने भुकेची खूण केली, तिकडेही तिचं लक्ष गेलं नाही. मी उंट संपवला, गाय घेतली, गाय संपवून पावसाळ्यातला एक दिवस घेतला. मोठ्याने, स्पष्ट उच्चारात. मधून मधून माझं लक्ष तिच्याकडे जात होतं. आज स्वयंपाकाला उशीर होतोय असं मला वाटलं, हेही मला आठवतं.

साडेआठला दारात माणसं आली. पुढे पावसकरमावशी, हातात झाकलेलं पातेलं. मागे काका, आणि त्यांच्या मागे चाळीतल्या चार-पाच बाया डोक्यावरून पदर घेऊन. मावशींनी पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं. झाकण जरा सरकलं आणि कुळथाच्या पिठीचा वास आला. मला आधी काही कळलंच नाही. चाळीत पिठीभात शेजाऱ्यांकडून येतो तो एकाच कारणाने, ज्या घरात माणूस गेलेलं असतं त्या घरात चूल पेटवत नाहीत म्हणून. आमच्या घरात तर सगळे होते. मी उठलो आणि वेळ इंग्रजीची असल्यामुळे म्हणालो, "प्लीज कम इन."

मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या आईजवळ जाऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला. वाण्याने त्यांना सांगितलं होतं, अकरा नंबरला कोपरा फाडलेलं कार्ड आलंय.

आता मुलांना हे सांगावं लागतं. तेव्हा मयताची बातमी असली की पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडून पाठवत. वाचता न येणाऱ्यालाही हातात पडताक्षणी कळावं म्हणून. वाचता न येणारी माझी आई कोपरा बोटांनी चाचपत वाण्याच्या दुकानापासून घरापर्यंत आली होती. कुणीतरी गेलं हे तिला कळलं होतं. कोण, ते कार्डात लिहिलेलं होतं.

मावशींनी हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

आई म्हणाली, "माका म्हायत नाय. नऊ वाजाक अजून अर्धो तास आसा. मगे तो वाचून दाखवतलो."

पावसकरकाका म्हणाले, वहिनी, मला का नाही सांगितलंत, मी वाचून दाखवलं असतं. त्यावर आई म्हणाली, "घरात मॅट्रिकचो झील आसताना पत्र दुसऱ्याकडे कित्याक न्हेव?" हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. मला वाटतं, त्याही वेळी तिला माझा थोडा अभिमानच वाटत होता.

पावसकरमावशी उठल्या. फळीवरचं घड्याळ त्यांनी खाली काढलं, मागची कळ फिरवली आणि काटे पुढे ढकलत नेले. पावणेनऊ, नऊ. गजर वाजायला लागला. तो त्यांनी बंद केला नाही, घड्याळ तसंच वाजत पाटावर माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाजले बघ मेल्या नऊ. वाच आता."

आईने कार्ड दिलं. मी ते वाचलं. सवयीने मोठ्याने, स्पष्ट उच्चारात, विरामचिन्हांना थांबत. मामाने लिहिलं होतं की गेल्या सोमवारी पहाटे आई गेली. चार दिवस ताप होता. शेवटी तुझंच नाव घेत होती. बाराव्याला जमल्यास ये.

माझी आजी. आईची आई.

आई रडली नाही लगेच. तिने आधी माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि फाडून दाराबाहेर टाकलं, कारण असलं पत्र घरात ठेवत नाहीत. मग ती मोठ्याने रडली. तीन महिन्यांत आमच्या खोलीतून इतका मोठा आवाज निघाला नव्हता. शालू घाबरून खुणा करायला लागली, उगाच, कुठल्याही, पाण्याच्या, रॉकेलच्या, जॉबर आल्याच्या. मी त्या पाटीखाली उभा होतो. तिथून हलावं, आईजवळ जाऊन बसावं, एवढंही मला सुचलं नाही. बायांनी तिला घेरलं होतं आणि मला वाटेत कुणी जागा केली नाही.

रात्री बाबा आले, तेव्हा पावसकरकाकांनी त्यांना गल्लीतच गाठून सांगितलं. बाबांनी आत येऊन पाटी काढली आणि स्टोव्हमागे टाकली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला जाणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर त्यांनी आईला भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसवलं. सगळे म्हणत होते की दोन तासांनी काही बिघडलं नाही. पत्र सातला वाचलं असतं तरी बोट सकाळचीच होती. आजीला जाऊनही आठ दिवस झाले होते. आईसुद्धा निघताना मला तेच म्हणाली, "आठ दिस झाले तिका जावन. दोन तासान काय होतला? रडा नको." हिशेब बरोबर होता. पण ते दोन तास माझी आई भिंतीला टेकून आपल्या माणसांतलं एकेक माणूस मनात मारून बघत होती. आई, भाऊ, भावाची पोरं. आणि मी तिच्यासमोर बसून उंट किती उपयोगी आहे ते सांगत होतो.

कोपरा मला दिसला होता का? लोक विचारत नाहीत, मीच विचारतो. नाही दिसला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. पण कार्ड माझ्या नाकापुढे एक वीत होतं, आणि माझे डोळे चांगले होते.

आई महिन्याने परतली. ती आली त्या संध्याकाळी सात वाजले, आणि बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि पदराचं टोक तोंडात धरून स्टोव्हशी गेली. पाटी कधीच गेली होती. मी म्हटलं, बोल ना आई, आता नाही तो नियम. ती हाताने 'राहू दे' म्हणाली. ती खूण तिला चांगली जमायला लागली होती. मॅट्रिकचा शेवटचा पेपर होईपर्यंत ती सात ते नऊ बोलली नाही. आपल्यामुळे पोरगा नापास झाला असं तिला होऊ द्यायचं नव्हतं.

मी पास झालो. इंग्रजीत अडतीस. पुढे पंख्याखाली खुर्चीही मिळाली.

पण खरे मार्क मला पडले ते आई गावाला असताना झालेल्या प्रिलिमला. पेपरात पत्र होतं. तुमच्या मित्राची आई वारली आहे, त्याला सांत्वनाचं पत्र लिहा. ते मला गाइडातून तोंडपाठ होतं. मला धक्का बसला, शब्द अपुरे पडतात, या दुःखात मी तुझ्याजवळ आहे, सगळं एकही चूक न करता लिहिलं. दहापैकी आठ! वर्गात सर्वांत जास्त. करंदीकर मास्तरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघा, भाषा अशी आतून यावी लागते, हे घरातल्या वातावरणाचं फळ आहे.

माझ्या स्वतःच्या आईची आई गेली, तेव्हा सांत्वनाचा एकही शब्द मी तिला कुठल्याही भाषेत बोललो नव्हतो. अगदीच काही बोललो नाही असं मात्र नाही. 'सिट डाऊन' म्हणालो होतो. आणि शिकवलेलं विसरत नसल्यामुळे, पुढे 'प्लीज'ही म्हणालो होतो.